पापडापासून टाकीपर्यंत

बालवाडीच्या पत्र्याच्या दारावर चिंचेच्या गोळीतून निघणाऱ्या एकोणीस कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. चौदा चिंचेच्या चघळलेल्या गोळीनं, चार नुसत्या थुंकीनं आणि एक चक्क जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं. प्रत्येक पट्टी बोटभर रुंद, तिच्यात ओळीनं चार चित्रं. आठ पट्ट्यांवर कोणी काही केलेलं नव्हतं. उरलेल्या अकरांवर उजवीकडच्या शेवटच्या चित्राभोवती पेनानं गोल काढला होता, आणि त्यातल्या सात गोलांतून एकेक बाण निघून दाराच्या कडीकडे, म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या, आतच राहणाऱ्या बाईकडे गेला होता.

यशोधरानं दोनदा मोजलं. राग आला की ती मोजायची. तेवढ्या वेळात हात कशाला तरी लागलेले राहतात. एक जानेवारी दोन हजार सहा, रविवार, सकाळचे नऊ वाजून गेले होते. तिच्या पिशवीत तीस सेंटीमीटरची स्टीलची पट्टी आणि चौकटींच्या कागदाची वही होती. ती अंबरनाथहून विठ्ठलवाडीच्या या चाळीत आली होती ती गयाबाई मावशीचे केस मोजायला.

ही मोजणी सप्टेंबरपासून चालू होती. जुलैच्या पुरात चाळीत कमरेएवढं पाणी आलं, पाणी ओसरल्यावर मावशीला टायफॉइड झाला. तापातून उठली तेव्हा कंगव्यात केसांचे झुपके यायला लागले. थोडे दिवस बघून तिनं एक सप्टेंबरला न्हाव्याला घरी बोलावलं आणि डोकं साफ करून घेतलं. यशोधरा बी.एस्सी. झालेली, अंबरनाथच्या एका तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती म्हणाली, मावशी, दर एक तारखेला मोजू, किती वाढतात ते कागदावर दिसेल. एक ऑक्टोबर, एक पूर्णांक दोन सेंटीमीटर. एक नोव्हेंबर, दोन पूर्णांक तीन. एक डिसेंबर, तीन पूर्णांक सहा. वहीत तीन ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले होते.

आणि पट्ट्यांवरच्या चित्रांचं गाणंही त्याच सप्टेंबरातलं. बालवाडीतली पोरं मावशीच्या रुमालाकडे टकामका बघायला लागली, तेव्हा तिनं रुमाल काढून डोकं पुढे केलं, एकेकाला हात फिरवायला लावला आणि तिथल्या तिथे गाणं रचलं:

टिंगटिंग टक्कल, टकलावर पापड,
पापडाला मिशी फुटली, मिशीत शिरलं माकड,
माकडानं वेणी घातली, वेणी गेली टाकीवर,
टाकीवरून केस सांडले सगळ्या चाळीच्या नाकावर.

यशोधरानं त्याची चार चित्रं काढली, प्रत्येकाखाली गाण्याची ओळ. ओळीत जसं आहे तसंच्या तसं, जराही न हसता. पापडाच्या मिशीचे केससुद्धा मोजून बावीस. म्हणूनच बघणारा हसून लोळायचा. पहिल्या चित्रात गोलमटोल डोक्याची बाई, डोक्यावर उन्हात वाळत घातलेला पापड. चौथ्यात पाण्याच्या टाकीवरून केसांचा धबधबा, त्याला लोंबकळणारी अख्खी चाळ आणि खाली कमरेवर हात ठेवून तीच बाई, राणीसारखी.

दार मावशीनंच उघडलं. रुमाल भुवयांपर्यंत ओढून मागे घट्ट गाठ.

"मोजायला आलीस? जा परत. काही मोजायचं नाही आता."

"मावशी, हे दारावर—"

"बघितलं. रोज काढते, रोज लावतात. पोरं शहाणी आहेत, छापलंय तसं वाचतात." ती खाटेवर बसली. वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याशेजारी बालवाडीची हजेरी, सोळा डिसेंबरनंतर कोरी. "आधी बाईला टाकीएवढे केस. मग वेणी. मग मिशी. मग टक्कल. आणि टकलाखाली माझं नाव. यशे, नाव घालायला तुला कोणी सांगितलं होतं?"

यशोधरानं एक पट्टी दारावरून सोलली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. डावीकडे टाकी. उजवीकडे पापड. मधल्या दोन्हींचीही अदलाबदल. सगळ्यात शेवटी, गोल डोक्याच्या बाईखाली, तिनं स्वतः हट्टानं घालायला लावलेले शब्द: गाणं, गयाबाई.

"गाणं सरळ होतं तोवर पोरं माझ्या बाजूनं हसायची," मावशी म्हणाली. "आता माझ्यावर हसतात. तिसरीतलं पोरगं गॅलरीतून ओरडतं, टकले, पापड वाळला का. बालवाडी बंद केली मी. जा तू."

यशोधरानं उरलेल्या अठरा पट्ट्या सोलल्या आणि वहीत घातल्या. एक जानेवारीच्या चौकटीत ठिपका पडला नाही.

ती चित्रं गोळीच्या कागदात गेली कशी, हे सांगायला हवं. उल्हासनगरच्या हरेशभाईचा चिंचेच्या गोळ्यांचा कारखाना. गोळीत घालायचा रंग तपासायला तो नमुने घेऊन लॅबमध्ये यायचा. ऑक्टोबरात त्यानं यशोधराच्या टेबलाच्या काचेखाली ती चित्रं पाहिली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "मॅडम, हे मला द्या ना. प्रत्येक गोळीत एक पट्टी टाकतो." तिनं दिली, चार चित्रं चार वेगळ्या कार्डांवर, मागे पेन्सिलीनं आकडे. अटी दोन: चित्रात बदल करायचा नाही आणि मावशीचं नाव छापलंच पाहिजे. छापून झाल्यावर तो एक बरणी पाठवणार होता. बरणी आली नाही. पट्ट्या विठ्ठलवाडीत पोचल्या.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती कारखान्यात गेली. साखरेच्या पाकाचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"अरे मॅडम, आओ आओ. बसा ना, चाय बोलतो. माल एकदम जोरात आहे. तुमची टकली तर सुपरहिट हो गयी."

"पट्टी उलटी छापलीय."

हरेशभाईनं पट्टी हातात घेतली, वरखाली फिरवून पाहिली. "उलटी कुठे? डोकं वर, पाय खाली."

"क्रम उलटा आहे. पहिलं चित्र शेवटी गेलंय."

त्यानं ओठ हलवत वाचलं. मग खुर्चीत मागे टेकला. "एक बात बोलू? रागावू नका. गाणंच पागल आहे. पापडाला मिशी. आता हे इकडून वाचलं काय नि तिकडून वाचलं काय, पागल तो पागलच राहणार ना?"

"पागल नाही ते. पापड आहे म्हणून मिशी फुटते. मिशी आहे म्हणून माकड शिरतं. माकड आहे म्हणून वेणी घातली जाते. प्रत्येक ओळीला आधीची ओळ लागते. तुमच्या गोळीत आधी पाक होतो, मग चिंच पडते, मग रंग. उद्या आधी रंग टाका कढईत आणि बघा काय होतं."

"गोळी वेगळी, गाणं वेगळं. पोरं हसतायत की नाही?"

"कोणावर हसतायत ते विचारा."

"कोणावर?"

"जिचं नाव छापलंय तिच्यावर. टायफॉइडनं तिचे केस गेले. पोरं तिच्या दारावर तुमच्या पट्ट्या चिकटवतात. तिनं बालवाडी बंद केलीय."

हरेशभाईनं पट्टी टेबलावर ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. त्याला सगळं पटकन मिटवायचं असायचं, इतकंच. "बस, एवढंच ना? नाव काढून टाकतो. पुढच्या छपाईत नाव गायब. खतम."

यशोधराचे कान तापले. नाव काढलं की गाणं कोणाचंच नाही, आणि टक्कल मात्र तिचंच राहणार, कारण चाळीला ते आता पाठ झालं होतं. "नाव राहील. चित्रं फिरवायची."

"नाव पुसायला दोन मिनिटं लागतात, मॅडम. चित्रं फिरवायची तर पूर्ण नवी प्लेट. आणि साठ हजार पट्ट्या तर छापून गोळ्यांत गेल्यासुद्धा. आता काय एकेक गोळी उघडू?" मग थोडा पुढे वाकून, "ते चित्रं जुळवून प्लेट बनवायचं काम मागच्या गल्लीत नोतनदास काका करतात. गलती त्यांची. त्यांनाच बोला. आणि हां, माझा लाल रंगाचा रिपोर्ट?"

"गुरुवारी. नमुना जसा असेल तसा."

मागच्या गल्लीपर्यंत दोनशेदहा पावलं होती. तेवढ्यात तिनं तीन वाक्यं तयार केली. पहिलं, तुम्हाला काम येत नसेल तर घेऊ नका. दुसरं, आकडे घातले होते, डोळे कुठे होते. तिसरं त्याहून वाईट होतं.

नोतनदास काका सत्तरीचे, डोक्यावर लोकरीची टोपी, चष्म्याच्या एका काडीला दोरा. टेबलावर पितळी पट्टी, ब्लेड, डिंकाची बाटली, सगळं एका रेषेत. तिनं पहिलं वाक्य म्हणायच्या आत ते उठले, कपाटातून पाकीट काढलं आणि तिची चार कार्डं टेबलावर ठेवली. त्यांवर एक डाग नव्हता, एक कोपरा दुमडलेला नव्हता.

"बताओ बेटी, क्या गलत है?"

"नंबर घातले होते मी मागे. एक ते चार."

"बरोबर." त्यांनी कार्डं उलटी केली आणि जुळवून दाखवली. एक उजव्या हाताला. त्याच्या डावीकडे दोन. मग तीन. मग चार. "एक, दो, तीन, चार. बरोबर?"

यशोधरा त्या कार्डांकडे बघत राहिली. काकांना वाटलं, तिला दिसलं नाही. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या लग्नपत्रिकांपैकी एक काढली, सिंधी, अरबी वळणाच्या अक्षरांची, आणि ओळीवरून बोट फिरवलं. उजवीकडून डावीकडे.

"मेरा आधा काम ये है. शादी, मुंडन, सब सिंधी में. बारा साल का होके आया इधर, पढ़ाई उधर ही हुई. सिंधी इधर से चालू होती है."

"पण चित्रांखाली मराठी आहे, काका."

"मराठी समझता हूँ, पढ़ नहीं सकता. हिंदी भी अटक अटक के. इसलिए मैं नंबर देखता हूँ. नंबर में गलती नहीं होती."

छापलेल्या पट्टीत चारही चित्रांमधली जागा तीन-तीन मिलिमीटर होती. मोजपट्टी न लावताही ते कळत होतं. या माणसानं तिच्या आकड्यांवर तिच्याइतकाच भरवसा ठेवला होता, आणि आकड्यांनी कुठून सुरू व्हायचं ते तिनं लिहिलंच नव्हतं. लॅबमध्ये नवी पोरं अक्षांवर नावं न घालता आलेख आणायची, तेव्हा ती तो न बघता परत करायची. तयार केलेली तीन वाक्यं तिच्या तोंडात तशीच राहिली. राग गेला नाही. त्याला बसायला जागा उरली नाही, एवढंच, आणि त्यामुळे तो आणखी तापला.

"गाना क्या है?" काकांनी विचारलं.

तिनं कार्डं डावीकडून मांडली आणि बोट फिरवत म्हणून दाखवलं. माकडापाशी काका खुदकन हसले. टाकीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तिनं कार्डं छापली होती तशी मांडली आणि पुन्हा म्हटलं. या वेळी ते हसले नाहीत.

"ये औरत है कोई? सच में?"

"माझी मावशी. विठ्ठलवाडीला राहते. पोरं तिला टकली म्हणतात."

काकांनी लोकरीची टोपी काढली. आतलं डोकं पितळी पट्टीसारखं चकचकीत होतं. "मेरे को चालीस साल से बोलते हैं. लेकिन नाम छाप के, गोली में डाल के किसी ने नहीं बाँटा." त्यांनी रॅकमधून ॲल्युमिनियमची प्लेट काढली, टेबलावर सपाट ठेवली आणि ब्लेडनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. मग दुसरी, तिला आडवी. दात शिवशिवतील असा आवाज झाला.

"काका, हरेशभाई—"

"हरेश को मैं बोलूँगा, प्लेट खराब है. झूठ थोड़ी है. पहले दिन से खराब थी." त्यांनी पेन्सिल तिच्यासमोर सरकवली. "अब तीर लगाओ. चारों पे."

तिनं चारही कार्डांच्या मागे बाण काढले.

पण नवी पट्टी बाजारात यायला महिना-दीड महिना लागणार होता आणि जुन्या साठ हजार गोळ्यांत बसून होत्या. जानेवारीचे उरलेले चारही रविवार यशोधरा विठ्ठलवाडीला गेली. दारावर दर वेळी पट्ट्या होत्या: बारा, चौदा, नऊ, अकरा. यशोधरानं काकांनी उजवीकडून मांडलेली कार्डं आणि आपण न काढलेला बाण, सगळं सांगितलं, पण मावशीचा रुमाल सुटला नाही.

"नवीन छापतायत, मावशी. सरळ क्रमानं."

"छापू देत. तुला छापायची हौस."

हे शेवटचं तिला फार लागलं. बुधवारी, एक फेब्रुवारीला, तिनं दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळी साडेआठला बालवाडीच्या पायरीवर जाऊन बसली. आत, बालवाडीला लागून असलेल्या खोलीत मावशी होती. भांड्यांचा आवाज येत होता. दुपारच्या शाळेची पोरं गॅलरीत हुंदडत होती. यशोधरानं आवाज चढवला.

"ज्यांच्या ज्यांच्याकडे पट्ट्या आहेत, त्यांनी सगळ्या घेऊन या. लपवू नका. गोल कोणी काढले ते मला अक्षरावरून कळतं."

"ताई, गोलाला अक्षर कुठे असतं?" एक मुलगी म्हणाली. संजीवनी तिचं नाव, चौथीतली, पुढचे दोन दात नव्हते.

"तुझा गोल मला सगळ्यात आधी ओळखता आला."

संजीवनी गप्पकन घरात गेली आणि डबाभर पट्ट्या घेऊन आली. मग बाकीचे आले. कंपासपेटीतून, खिशातून, एकानं तर उशीच्या अभ्र्यातून काढल्या. सगळ्या मिळून चौसष्ट. कात्र्या तीन, कणकेच्या खळीची वाटी एक. यशोधरानं प्रत्येक पट्टी कापून चार तुकडे करायला लावले. दोनशे छप्पन्न तुकडे बालवाडीच्या सतरंजीवर पसरले.

"आता लावा. आधी काय, मग काय."

"माहितीय," संजीवनी म्हणाली, आणि पोरांनी मोठ्यानं सुरू केलं, छापलं होतं तसं: टाकीवरून केस सांडले सगळ्या चाळीच्या नाकावर. माकडानं वेणी घातली. पापडाला मिशी फुटली. टिंगटिंग टक्कल. टकलावर म्हणताना तीन-चार जणांनी मावशीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि एकमेकांना ढोसलं. बारा पोरांच्या आवाजानं पत्रा थरथरला.

यशोधरा ओरडायला तोंड उघडणार होती. तेवढ्यात आतला भांड्यांचा आवाज थांबलेला तिच्या लक्षात आला. तिनं तोंड मिटलं. पोरांनी तेच पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं आणि आणखी ओबडधोबड.

खोलीचं दार भिंतीवर आपटलं.

"गाढवांनो," गयाबाई म्हणाली. हातात राखेचा काथ्या, कोपरापर्यंत राख. "कोणी शिकवलं हे? आधी टक्कल. टक्कल नाही तर पापड कुठे ठेवाल, तुमच्या बापाच्या डोक्यावर? पापड नाही तर मिशी कशाला फुटेल? इतके दिवस ऐकतेय मी भिंतीमागून. माझं गाणं आहे ते. असं म्हणायचं असेल तर दुसरं कोणाचं तरी म्हणा."

संजीवनीच्या बोटाला टकलाचा तुकडा चिकटला होता. ती म्हणाली, "पण मावशी, ही तूच आहेस ना?"

"मग दुसरी कोण असणार? इतकं गोल डोकं आहे का चाळीत दुसऱ्या कोणाचं?" गयाबाई सतरंजीवर खाली बसली आणि पहिला तुकडा डाव्या हाताला दाबून बसवला. "इथून. म्हण."

पोरांनी म्हटलं. पहिल्यांदा अडखळत. दुसऱ्यांदा माकडाला हसत. तिसऱ्यांदा टाकीवरून केस सांडले तेव्हा तिघं सतरंजीवर लोळली आणि खळीची वाटी कलंडली.

गयाबाई हसली नव्हती. ती यशोधराकडे वळली. "आणि तू. एवढी शिकलेली. एक बाण काढायला तुझे हात झिजले असते?"

"नाही, मावशी."

"त्या म्हाताऱ्याला बोललीस काही?"

"नाही बोलले."

"बरं केलंस. पट्टी आणलीय?"

यशोधरानं पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. गयाबाईनं राखेचे हात परकराला पुसले, मागची गाठ सोडली आणि रुमाल मांडीवर ठेवला. पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. संजीवनीनं पट्टी हातात घेतली. शून्याची रेघ टाळूला टेकायला हवी, हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं एक केस चिमटीत सरळ धरला, एक डोळा मिटला आणि आकडा वाचला. यशोधरानं खात्री करून घेतली, वहीत तारीख घातली आणि जानेवारीची चौकट मोकळी सोडून पुढच्या चौकटीत ठिपका दिला.

पाच सेंटीमीटर, नऊ मिलिमीटर.